शिवेवर तुटायचा दोरा

सहादेव ड्रायव्हर बंदुकीतून आभाळ बघतो, हे नगरच्या माळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शामकांत वकिलांच्या दारात मोटार उभी राहिली आणि आतून बंदूक बाहेर आली, की हा गडी ती मधोमध उघडायचा, दोन्ही नळ्या वर धरायचा आणि एक डोळा मिटून आत बघत राहायचा. आभाळाचे दोन गोल तुकडे दिसले की मान हलवायचा, बंदूक मिटायचा आणि मोटारीत मागच्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेत, नळ्या दाराकडे करून आडवी ठेवायचा. काडतुसांची पिशवी पुढे, स्वतःच्या मांडीशेजारी. एवढं झाल्याशिवाय खुद्द कलेक्टर येऊन बसला असता तरी सहादेवाने गाडी हलवली नसती.

समोरच्या पानाच्या टपरीवरून गोरक्ष ओरडायचा, "काय सहादेव, आज आभाळात काय दिसतंय? पाऊसपानी हाय का?"

सहादेव हसायचा नाही. बाकी सगळ्या गोष्टींत तो हसरा होता, पण इथे नाही. लढाईत तीन वर्षं त्याने लष्कराची लॉरी हाकली होती. तिथल्या वाळवंटात त्याच्या शेजारी बसलेला मच्छिंद्र, पाथर्डीकडचाच, एका खड्ड्यात लॉरी आदळली तेव्हा गेला. शत्रूच्या गोळीने नव्हे. मागे कुणीतरी 'रिकामी आहे' म्हणून टाकलेल्या बंदुकीने. त्यांचा हवालदार म्हणायचा, भरल्या बंदुकीला सगळेच भितात, माणूस मारते ती रिकामी. सहादेव पाय मोडून त्रेचाळीस साली घरी आला, तेव्हा पेन्शन फारशी मिळाली नाही, पण ही एक सवय मिळाली.

वकीलसाहेबांना या सवयीचं कौतुक होतं. स्वतः ते तितकेच काटेकोर. बंदूक वडिलांच्या वेळची, दुनळी, काडतुसावर आपटणारे घोडे बाहेर असलेली, जुन्या बांधणीची. सहादेव कामाला लागला त्याच आठवड्यात त्यांनी त्याला परवाना वाचून दाखवला होता.

"हे बघ सहादेव, परवाना माझ्या नावाचा. म्हणजे बंदूक माझ्या हातात, नाहीतर माझ्या नजरेसमोर. मी मोटारीत नसेन तर बंदूकही मोटारीत असता कामा नये. नोकराच्या हाती द्यायची तर त्याचं नाव या रकान्यात चढवावं लागतं. नाहीतर तो गुन्हेगार आणि मीही गुन्हेगार."

"मग माजं नाव चढवा की, साहेब."

"चढवू. नव्या वर्षी नूतनीकरण आहे, तेव्हा चढवू."

नवं वर्ष आलं, गेलं. आणखी दोन आली, गेली. अर्ध्या जिल्ह्याचे कागद मुदतीत करून देणारा हा माणूस, त्याचा स्वतःचा कागद तेवढा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता दसऱ्याची गोष्ट. वकीलसाहेबांचं मूळ गाव सोनईच्या अलीकडे. दसऱ्याला तिथली पालखी शिवेपर्यंत यायची आणि थांबायची. वकिलांच्या घरच्या बंदुकीचा बार झाला, की पालखी शीव ओलांडायची. बार झाल्याशिवाय नाही. वकिलांच्या आजोबांच्या वेळी ठासणीची बंदूक होती. ती खंडेनवमीला ठासूनच पूजेला मांडायचे, कारण रिकामं भांडं शेजारणीला परत करू नये, तसं रिकामं शस्त्र देवापुढे मांडू नये, असं त्या घरचं म्हणणं. ठासणीची जाऊन काडतुसाची आली, पण रीत राहिली. नवमीला घरच्या कर्त्याने डाव्या नळीत एक काडतूस घालायचं, बंदूक मिटायची, आणि उघडायच्या खटक्यावरून हळदीत भिजवलेला दोरा सात वेढे गुंडाळायचा. तो दोरा तुटायचा तो शिवेवर, बार उडवताना. आधी नाही.

दरवर्षी शामकांतराव पूजेतून बंदूक स्वतः उचलायचे, मांडीवर घ्यायचे, नळ्या खिडकीबाहेर ठेवायचे आणि सहादेवाला म्हणायचे, "आज आभाळ बघायचं नाही बरं का. आज ती माझ्याकडे." शिवेवर पोचले की सहादेव मोटारीपाशी थांबायचा आणि ते पुढे चालत जायचे. दोरा त्याने पाहिला होता. दोऱ्याआड काडतूस असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची कधी वेळच आली नव्हती.

सेहेचाळीस सालच्या नवमीला पूजा करता करताच वकीलसाहेबांना हुडहुडी भरली. हिवताप. दसऱ्याच्या दिवशी दुपारी ते तीन पांघरुणांखाली पडले होते आणि खाट वाजत होती. त्यांनी सहादेवाला आत बोलावलं.

"पालखी खोळंबेल रे. बंदूक घेऊन जा. गावच्या रंगनाथ पाटलांच्या हाती दे. त्यांच्याकडे परवाना आहे, ते बार करतील."

सहादेव घुटमळला. "साहेब, तुमी गाडीत न्हाई. माजं नाव न्हाई कागदावर."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. कायद्याची आठवण त्यांना सहादेवाने करून द्यावी असं काही नव्हतं. त्यांनी उशाखालून पाकीट काढलं. "हा परवाना जवळ ठेव. कुणी अडवलं तर दाखव. एका दिवसाने काय होतंय. तीन पिढ्यांचा बार आहे." मग थोड्या वेळाने, दात वाजवत, "आणि भागूला बरोबर ने. तिचं माहेर त्याच वाटेवर आहे ना? सणाची लेक आईबापांना भेटेल."

भल्या मनाने बोलले ते. नंतरच्या सगळ्या आयुष्यात त्यांना ते वाक्य गिळता आलं नाही.

भागूबाई, सहादेवाची बायको, त्याच्याबरोबर वकिलांच्या घरामागच्या खोलीतच राहायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातली तीन तिने एकटीने, टपालवाल्याची वाट बघत काढली होती. मोटार ती रोज पुसायची, पण मोटारीत बसली कधीच नव्हती. निरोप कळताच हिरवं लुगडं नेसली, आपट्याची पानं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, आणि मोटारीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चेहरा असा की सहादेवाला तिच्याकडे बघताना उगीच लाज वाटली.

त्याने पूजेतून बंदूक आणली. झेंडूची माळ, कुंकू, खटक्यावरचा पिवळा दोरा, सगळं जागच्या जागी. अंगणात आल्याबरोबर त्याचा अंगठा सवयीने खटक्याकडे गेला. दोऱ्यात नख घातलं.

"अवो! काय करता?" भागूबाईने त्याचं मनगट धरलं.

"उघडून बगतो."

"आन् दोरा?"

"तोडावा लागंल. दुसरा बांधू."

"दुसरा बांधू? काय लुगड्याची गाठ हाय ती, सुटली की बांदायला? देवाचा दोरा हाय. शिवंवर तुटायचा, तो तुमी अंगनातच तोडता व्हय?"

"भागे, बगितल्याबिगर मी बंदूक गाडीत ठिवीत न्हाई. तुला ठावं हाय."

"ठावं हाय. रोजच्या दिशी ठिवू नका. पर आज ती रोजची हाय का? साहेबानी सोता पुजलीया. त्यान्ला का कळत न्हाई?" मग तिने आवाज खाली आणला आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. "आत त्यो मानूस तापानं फनफनलाय. तुमी दोरा तोडला आन् त्यान्ला काय कमीजास्त झालं, तर कुनाच्या माथी? तुमच्याच ना? मी न्हाई तोडू देयाची."

सहादेव काही बायकोच्या मुठीतला म्हणून प्रसिद्ध नव्हता. पण तीन वर्षं ज्या बाईने शुक्रवार धरून, उपास करून आपल्याला जिवंत परत आणलं असं तिचं स्वतःचं पक्कं मत होतं, तिच्याशी उपासतापास आणि दोऱ्याधाग्यावरून वाद घालायला त्याची जीभ रेटेना. वर ती हसत होती. मनगट धरून हसत होती. त्याने नख काढून घेतलं.

तो बंदूक पाय ठेवायच्या जागेत ठेवायला वाकला, तर पुन्हा ओरड.

"पायात? पुजेचं शस्त्र पायात? गादीवर ठिवा ती."

"मग तू कुटं बसशील?"

"मी बसते की खाली. साहेबाच्या गादीवर मी कशी बसू? मला न्हाई जमायचं ते."

आणि तशीच ती बसली. बंदूक साहेबांच्या गादीवर, स्वच्छ धोतराच्या घडीवर, माळ घालून; आणि भागूबाई खाली, जिथे रोज बंदूक असायची तिथे, गुडघे जवळ घेऊन. माळेतली फुलं हलून चुरगळू नयेत म्हणून एक हात वर करून तिने बंदुकीवर ठेवला होता. सहादेवाने मागे वळून पाहिलं. त्याच्या दोन नेमांपैकी एकही आज पाळला गेला नव्हता. तरी त्याने गाडी सुरू केली.

पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं, म्हणून तो गाडी हळूहळूच हाकायचा. जेऊर मागे पडलं. इमामपूरचा घाट लागला तशी भागूबाईची बडबड थांबली, आणि घाट उतरल्यावर दुपटीने सुरू झाली. झाडं कशी मागं पळतात. आईला सांगितलं तर आई खोटं म्हणेल. बाबा शिवेवरच असतील पालखीबरोबर, त्यांनी मला मोटारीतून उतरताना बघायला पाहिजे. सगळ्यांच्या देखत उतरवाल ना? का लाजाल?

"उतरवीन की," सहादेव म्हणाला.

"दार बी उगडाल? साहेबाला उगडता तसं?"

"सलाम बी ठोकीन."

ती खळखळून हसली. घोडेगावाहून गाडी सोनईच्या कच्च्या रस्त्याला वळली. शिवेच्या अलीकडे एक ओढा होता. पावसाळ्यानंतर त्याचा उतार नेहमीच खचलेला असायचा, आणि सहादेवाला तो तळहातासारखा ठाऊक होता. त्याने गाडी अगदी बैलाच्या चालीने पाण्यात घातली. पुढची चाकं पार झाली. मागचं उजवं चाक एका नव्या खड्ड्यात धपकन बसलं.

मोठा आवाज झाला.

टायर फुटला, असं सहादेवाला वाटलं. खरंच वाटलं. "घाबरू नगंस, टायर हाय," असं तो म्हणाला आणि दार उघडून पाण्यात उतरला. पुढचे दोन पाहिले. मागचा डावा पाहिला. मग वळसा घालून उजव्या बाजूला आला, वाकला, पाण्यात हात घालून रबर चाचपलं. चारी टायर शाबूत होते. तेव्हा त्याला मागच्या दाराखालून गळणारं पाणी दिसलं, आणि ते ओढ्याचं नव्हतं.

बंदूक गादीवरून घसरली होती, डाव्या नळीचा घोडा दाराच्या लोखंडी कडीवर आपटला होता. भागूबाईचा हात अजून झेंडूच्या माळेत होता.

आणि त्याच वेळी, अर्ध्या मैलावर, शिवेवर थांबलेल्या माणसांनी तो आवाज ऐकला. वकिलांची बंदूक आली, बार झाला. गुलाल उधळला, चांगभलं झालं आणि पालखीने शीव ओलांडली. चांगभलं म्हणणाऱ्यांत भागूबाईचा बाप कारभारी होता आणि आई भीमाबाई होती. ते ओरडणं सहादेवाला ओढ्यात स्पष्ट ऐकू आलं. त्याने बायकोचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो तिला सांगत होता की पोचलो, पोचलोच आपण, ही काय शीव.

ती शीव तिने पाहिली नाही.

फौजदार दुसऱ्या दिवशी आले. पंचनामा झाला. कारकुनाने एक एक वस्तू लिहून घेतली: दुनळी बंदूक एक, डाव्या नळीत उडालेलं काडतूस एक, झेंडूची माळ, आपट्याची पानं गाठीत बांधलेली, खटक्यावर पिवळा दोरा, वेढे सात, अखंड. 'अखंड' हा शब्द लिहिताना कारकुनाने मान वर करून पाहिलं, मग लिहिला.

परवाना सहादेवाच्या खिशात निघाला, दुसऱ्याच्या नावाचा. दोघांवर खटला झाला. वकीलसाहेबांवर परवान्याची बंदूक परक्याच्या हाती दिल्याबद्दल, भरलेली आहे हे न सांगितल्याबद्दल. सहादेवावर विनापरवाना हत्यार मोटारीतून नेल्याबद्दल आणि हयगयीने जीव घेतल्याबद्दल. ज्या कोर्टात शामकांतराव वीस वर्षं काळा कोट घालून उभे राहिले, तिथेच ते साध्या कोटात, पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी वकील दिला नाही. एक खोटा शब्दही बोलले नाहीत. काडतूस मी घातलं, म्हणाले. बंदूक मी पाठवली. कायदा मला ठाऊक होता, त्याला नव्हता असंही नाही, उलट त्याने मला आठवण करून दिली होती, मी ऐकलं नाही. मला वाटलं, दोरा असला तरी हा बंदूक उघडून बघितल्याशिवाय राहणार नाही. बघेल, काडतूस दिसेल, काढून ठेवेल. मी त्याच्या सवयीवर विसंबलो.

मग मॅजिस्ट्रेट सहादेवाकडे वळले. माणूस रागीट नव्हता. साऱ्या कोर्टाला त्या ड्रायव्हरची दया येत होती, आणि मॅजिस्ट्रेटही कोर्टातलेच.

"तू दरवेळी बंदूक उघडून बघत होतास. साक्षीदार तसं सांगतात. त्या दिवशी का नाही बघितलीस?"

सहादेव टेबलावर ठेवलेल्या बंदुकीकडे, तिच्या खटक्यावरच्या पिवळ्या दोऱ्याकडे बघत होता.

"दोरा बांधलेला होता म्हणून का? पूजेचा दोरा तोडायचा नाही, असं कुणी म्हणालं का तुला?"

किती सोपं होतं. 'व्हय' एवढं म्हणायचं होतं. पण 'व्हय' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कोण' हा होता. कारकून ते नाव लिहिणार, कागदावर चढणार, आणि गावात लोक म्हणणार, बाईचा हट्ट, स्वतःच्या हाताने मेली. तिच्या आईबापाच्या कानावर ते जाणार. सहादेवाला तिचं ते मनगट धरून हसणं आठवलं. ती आता उलटून एक शब्द बोलू शकणार नव्हती.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "इसरलो."

पिंजऱ्यातून शामकांतरावांनी झटकन वर पाहिलं. सहादेवाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

वकीलसाहेबांना दंड झाला, परवाना रद्द झाला, बंदूक सरकारजमा झाली. सहादेवाला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि ताकीद. कोर्ट म्हणालं, या माणसाला दैवाने पुरेशी शिक्षा दिली आहे. लोकांना निकाल पटला. फक्त सहादेवाला पटला नाही. तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला, शिपायाने दिवे मालवायला घेतले तरी उठेना.

बाहेर शामकांतराव त्याच्यासाठी थांबले होते. दोन महिन्यांत ते दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते.

"सहादेव, तू विसरणारा माणूस नाहीस. मला तरी खरं सांग."

"खरंच सांगितलं, साहेब."

"मी कायद्याची पुस्तकं वाचली आणि तू कायदा पाळत होतास. मी एका दिवसाने काय होतंय म्हणालो." त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. "तिला ने, असंही मीच म्हणालो."

सहादेवाने त्यांची काठी त्यांच्या हातात दिली. त्यांच्याविषयी त्याच्या मनात राग शोधून सापडत नव्हता, आणि त्याचंच त्याला जड जात होतं. रागाने थोडं तरी हलकं वाटलं असतं. मोटार त्यांनी विकली होती. त्या दिवशी दोघे पायीच माळीवाड्यापर्यंत आले.

माघ महिन्यात सहादेव सासुरवाडीला गेला. दिवस घातल्यानंतर पहिल्यांदाच. कारभारीने त्या वेळीच शब्द काढला होता की या माणसाचं तोंड मला दाखवू नका. तरी गेला. भागूबाईचं हिरवं लुगडं धुऊन, घडी करून त्याच्याकडे राहिलं होतं, ते आईला द्यायचं होतं. ते एवढंच कारण नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. कोर्टाने त्याला सोडलं होतं, पण ज्यांची लेक गेली त्यांनी त्याला अजून काहीच विचारलं नव्हतं.

वस्तीवर पोचला तेव्हा कारभारी अंगणात अंबाडीचं दावं वळत बसला होता. जावयाला पाहिलं, आणि बसल्या जागी फिरून पाठ केली. हात चालूच. सहादेव ओट्याच्या कडेला टेकला. भीमाबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पदर पुढे ओढला आणि दाराच्या आत बसली. एरवी ती जावयाशी समोरासमोर बोलायची नाही. आज बोलली.

"कोरटात काय सांगितलं तुमी?"

"इसरलो म्हनून सांगितलं, मामी."

भीमाबाई लुगड्याची घडी हाताने सारखी करत राहिली. मग हळू आवाजात, अंगणात जाऊ नये इतक्या हळू, म्हणाली, "भागी आठ वर्साची हुती. नागपंचमीचा सन. त्या दिशी काय कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई. आमच्या शेळीच्या गळ्याला दावं आवळलं. डोळं पांढरं केलं तिनं. मी इळा घेऊन धावले, तर ह्या पोरीनं माजं मनगाट धरलं. आय, आज कापायचं न्हाई. मी वरडले, शेळी मरंल गं. तर न्हाईच. नखांनी गाठी सोडीत बसली. बोटांतनं रगत आलं तिच्या."

"मग?"

"शेळी वाचली." भीमाबाईने डोळे पुसले. "मेली असती तर बरं झालं असतं. पोरगी शानी झाली असती. तवापास्नं तिला वाटायचं, आपलंच खरं."

सहादेवाने तांब्या न पिताच खाली ठेवला.

"मनगाट धरलं असंल तिनं," भीमाबाई म्हणाली. "दोरा तोडू दिला नसंल. मी तिला नऊ म्हैनं पोटात वागवली, मला सांगायला कोरट कशाला पायजे?"

चार महिने सहादेव रडला नव्हता. चितेपाशीसुद्धा नाही. आता त्याच्या छातीतून असा काही आवाज आला की अंगणातल्या कारभारीचे हात थांबले. तरी त्याने मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

"न्हाई मामी. तिनं काय केलं न्हाई. ती काय बोललीच न्हाई. मीच इसरलो."

भीमाबाई त्याच्याकडे बघत राहिली. पदर मागे सरकला होता, तो तिने ओढला नाही. ती आई होती. लेकीचा दोष तिला जन्मापासून ठाऊक होता आणि तो झाकण्यात तिचंही आयुष्य गेलं होतं. आता झाकायला आणखी कुणीतरी होतं.

"बरं," ती म्हणाली. "तुमी इसरलात. तसंच म्हना. मी बी तसंच म्हनन." आणि मग अंगणात ऐकू जाईल असं मोठ्याने, "ऐकलं का? इसरले म्हनं. मान्साला पडतो इसर."

दाव्याचा पीळ कारभारीच्या हातात उलटा सुटत चालला होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"इसरायची वस्तू हुती का ती?" त्याने पाठमोराच विचारलं.

भीमाबाईने तोंडात पदराचा बोळा घातला. तिची नजर सहादेवावर होती, सांग म्हणत होती, नको म्हणत होती.

"न्हवती, मामा," सहादेव म्हणाला. त्याने लुगडं भीमाबाईच्या पुढ्यात सरकवलं, कारभारीच्या पाठीला लांबूनच हात जोडले आणि ओढ्याच्या वाटेला लागला.